चिऱ्याचा हिशेब कुठपर्यंत धरायचा?

राजापूर तालुक्यातील एका वाचकाने पत्र पाठवले आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन काही वर्षे पुण्यात नोकरी केल्यावर ते गावी परतले असून वडिलांची चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाचे चौकोनी चिरे कापण्याची खाण, आता तेच पाहतात. किनाऱ्यावर पर्यटक निवास बांधणाऱ्या एका वास्तुविशारदांनी त्यांच्याकडे चिऱ्याचे ‘पर्यावरणीय घोषणापत्र’ मागितले आणि ते नसेल तर घोषणापत्र असलेले एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरू, असे कळवले. वडिलांचे म्हणणे असे की, चिऱ्याला ना भट्टी लागते ना धूर होतो, मग त्याला कागद कशाला? सध्याची खाण शेडूला, म्हणजे जांभ्याखालच्या चिकट मातीच्या थराला, टेकत आली आहे. वडिलांना वरच्या सड्यावर (जांभ्याच्या सपाट, उघड्या कातळावर), सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेल्या घरच्या जागेत, नवी खाण काढायची आहे. वाचकाला मात्र खाणीचा धंदाच बंद करून कर्जाने सिमेंट ब्लॉकचा कारखाना टाकावासा वाटतो. “सड्याला हात न लावता पर्यावरणाला धरून असलेला माल कसा द्यावा आणि हे बाबांना कसे समजवावे?” असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

तुमचे आणि बाबांचे मत एकमेकांच्या विरुद्ध आहे असे तुम्हाला वाटते, परंतु दोघांच्याही म्हणण्याखाली मला एकच गृहीतक दिसते. बांधकामाचा माल चांगला की वाईट हे तो तयार होतानाच ठरते, असे तुम्ही दोघेही धरून चालला आहात. चिरा भाजावा लागत नाही म्हणून बाबांच्या लेखी तो निर्दोष आहे, आणि त्यासाठी सडा फोडावा लागतो म्हणून तुमच्या लेखी तो दोषी आहे. प्रत्यक्षात कातळातून सुटल्यावर चिरा ट्रकमधून जातो, गवंड्याच्या हाताने भिंतीत बसतो, पन्नास-शंभर पावसाळे काढतो आणि घर पाडले जाते तेव्हा एक तर दुसऱ्या घराच्या जोत्यात जातो किंवा ओढ्याकाठी भराव म्हणून पडतो. या साऱ्या प्रवासाची बेरीज केल्याखेरीज चिरा, ब्लॉक आणि वीट यांच्यात निवड करता येत नाही. त्या बेरजेतील बऱ्याच रकमा तुमच्या हातात आहेत, म्हणून हे उत्तर मी थोडे सविस्तर लिहीत आहे.

बाबांच्या बोलण्यात जे खरे आहे ते आधी मान्य करू. जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे साठून तयार झालेला दगड आहे. खाणीत तो यंत्राने कापण्याइतका मऊ असतो आणि उघड्या हवेत ओल उडून गेल्यावर घट्ट होतो. विटेला जे काम भट्टी करून देते ते इथे ऊन आणि वारा करतात. उलट सिमेंटचे क्लिंकर (दळून सिमेंट करायचे भाजलेले खडे) तयार करण्यासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्यात इंधनाचा धूर होतो तो वेगळाच, पण त्याहूनही जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीच्या विघटनातून बाहेर पडतो, त्यामुळे उद्या भट्टी सौर विजेवर चालली तरी हा भाग राहणारच. माणसाच्या कामांतून जगभरात बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. काहीही न मिसळलेल्या सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो.

म्हणून ब्लॉकच्या कारखान्याचा विचार पुन्हा तपासा, असे मी सुचवीन. तुमच्या गावचा सडा वाचेल हे खरे, परंतु ब्लॉकसाठी लागणारी चुनखडी दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या डोंगरातून येईल, खडी आणि कच क्रशरवरून येईल आणि या सर्वांची वाहतूक घाटातून होईल. डोळ्यांसमोरचा खड्डा टळला म्हणजे खड्डा टळला, असे होत नाही. एएसी ब्लॉकलाही हाच हिशेब लागू आहे, कारण त्यात सिमेंट आणि चुना दोन्ही असतात आणि तो दाबाखालच्या वाफेत पक्का करावा लागतो. त्याच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तो वजनाने फार हलका असतो, त्यामुळे बहुमजली इमारतीच्या सांगाड्यात लोखंड आणि काँक्रीट कमी लागते. शिवाय तो उष्णता चांगली अडवतो, म्हणून दिवसभर वातानुकूलित राहणाऱ्या खोल्यांत त्याचा फायदा वर्षानुवर्षे मिळतो. परंतु तुमच्या ग्राहकाचे पर्यटक निवास तळमजल्याचेच असेल, तर तिथे उन्हाचा मुख्य मारा छपरावर होतो आणि भिंतीचा ब्लॉक बदलून मिळणारा लाभ मर्यादित राहतो. त्यामुळे इमारत किती मजल्यांची आहे आणि खोल्या कशा थंड ठेवणार आहेत, हे वास्तुविशारदांना विचारल्याशिवाय एएसी बरा की चिरा बरा याचे उत्तर देता येणार नाही.

आता त्या घोषणापत्राविषयी. असे घोषणापत्र माल चांगला असल्याची ग्वाही देत नाही, याची पुष्कळांना कल्पना नसते. पाकिटबंद खाण्याच्या पाठीवर साखर आणि मीठ किती ते छापलेले असते, तसे ते असते. मालाचा पर्यावरणावर किती बोजा पडतो त्याचे आकडे दिलेले असतात, पारख वाचणाऱ्याने करायची असते. आयएसओ १४०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते तयार होते, त्रयस्थ तज्ज्ञ ते तपासतात आणि सहसा त्याची मुदत पाच वर्षांची असते. एकट्या चिरेखाणीला तो खर्च आज झेपणार नाही, आणि माझ्या मते झेपवण्याची गरजही नाही. तालुक्यातील खाणमालकांनी एकत्र येऊन सरासरीचे एकच घोषणापत्र काढणे हा पुढचा मार्ग आहे. त्याआधी जी वही लागते ती मात्र तुम्ही उद्यापासून लिहू शकता.

त्या वहीत महिन्याचे डिझेल, कापलेले चिरे, तुटून बाद झालेले चिरे, विकलेले चिरे आणि प्रत्येक ट्रकचे अंतर एवढेच लिहायचे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. समजा, महिन्याला १,००० लिटर डिझेल यंत्रांना लागले आणि १०,००० चिरे विकले गेले, तर दर चिऱ्यामागे पाव किलोहून किंचित जास्त कार्बन डायऑक्साइड आला. भागाकार विकलेल्या चिऱ्यांनी करायचा, कापलेल्या नव्हे, म्हणजे तुटीचा बोजा आपोआप हिशेबात येतो. आता समजा, ट्रकने ३०० चिरे पन्नास किलोमीटरवर पोचवले आणि तो रिकामा परतला, आणि तो लिटरला चार किलोमीटर चालतो. पंचवीस लिटर डिझेल म्हणजे ६७ किलो कार्बन डायऑक्साइड, दर चिऱ्यामागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. पन्नास किलोमीटरच्या एका खेपेचा बोजा जवळजवळ कापणीच्या बोज्याइतका भरला. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण चिरा हा जवळपासच्या गावांचा माल आहे आणि तो घाटावर पाठवला की त्याचा मोठेपणा झपाट्याने उतरतो, एवढे त्यातून स्पष्ट होते. तुलना करताना एका चिऱ्याची एका ब्लॉकशी करू नका. एक चौरस मीटर तयार भिंत, तिच्या सांध्यांत भरलेल्या मालासकट (मॉर्टरसकट) आणि गिलाव्यासकट, साठ वर्षांसाठी, असे माप धरा. चिऱ्याला आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा दिला तर त्याने वाचवलेला बराचसा कार्बन तिथेच परत येतो.

वापराच्या काळाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण चिरा किती टिकेल हे त्याच्या जातीइतकेच त्याला मिळणाऱ्या आडोशावर ठरते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे बॅसिलिका जांभ्याचेच आहे आणि १६०५ पासून उभे आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. आज लोकांना तो उघडा तांबडा दगडच मूळ रूप वाटतो, परंतु तेव्हापासून पावसाने त्याची झीज होते आहे आणि जाणकार ती चिंता पुन्हापुन्हा मांडत आले आहेत. पर्यटक निवासवाल्यांना उघडा चिरा हवाच असतो. तो जरूर द्या, पण छपराची वळचण पुरेशी बाहेर काढा, जोते उंच घ्या आणि पश्चिमेच्या पावसाळी भिंतीला चुन्याचे संरक्षण द्या, असे लेखी सांगा. त्यासोबत चिऱ्याची चाचणीही करून घ्या. जांभ्याच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक ३६२० आहे, आणि त्यानुसार दाब सहन करण्याची शक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन आणि पाणी शोषण्याचे प्रमाण जास्तीत जास्त १२ टक्के अपेक्षित आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होऊ शकते. नुकताच कापलेला ओला चिरा घाईने ट्रकमध्ये भरू नका. काही आठवडे हवेशीर रचून ठेवा आणि मगच विका.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चिरेखाणवाले सहसा त्याचा विचार करत नाहीत. जुने घर उतरवताना नीट पाहिलेत तर दोन प्रकारच्या भिंती दिसतात. मातीत किंवा चुन्यात लावलेल्या भिंतीवर कामगार पहारीचे टोक सांध्यात घालतो, किंचित उचकटतो आणि अख्खा चिरा हातात येतो. तळहाताने माती झटकली की कोपरे शाबूत, फक्त एका अंगाला चुलीच्या धुराचा काळपट थर. शेजारची पडवी मागाहून सिमेंटमध्ये बांधलेली असते. तिथे घण घातल्यावर सांधा तसाच राहतो आणि चिरा मधोमध फुटतो, कारण सांध्यातला माल दगडाहून कडक झालेला असतो. पहिल्या भिंतीचे चिरे बाजूला रचून ठेवले जातात, दुसऱ्या भिंतीचा ढीग ट्रॅक्टरमधून भरावाला जातो. दगड एकाच खाणीचा असेल, पण दुसरे आयुष्य एकालाच मिळाले. जो चिरा दुसऱ्यांदा वापरला जातो त्याच्यासाठी सड्यावर नवा घाव घालावा लागत नाही, आणि कापणीचे डिझेलही लागत नाही.

त्यामुळे तुमचा चिरा कशात लावला जातो, हा तुमचाही प्रश्न आहे. एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू असा मिश्र माल तळमजल्याच्या चिऱ्याच्या भिंतीला पुष्कळ ठिकाणी पुरतो, त्यात सिमेंट कमी लागते, सांधा चिऱ्याहून मऊ राहतो आणि पुढे कधी भिंत उतरवावी लागली तर दगड सुटण्याची शक्यता वाढते. वाळू धुतलेली असावी. खाडीच्या वाळूतले मीठ लोखंडाला आणि गिलाव्याला दोन्हींना घातक असते. इथे एक सावधगिरी हवी. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप रत्नागिरी जिल्हा विसरलेला नाही, म्हणून जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या आणि छपराखालच्या पातळीवर सलोह काँक्रीटचे पट्टे घातल्याशिवाय अशी भिंत बांधू नये, आणि मालाचे अंतिम प्रमाण अभियंत्यानेच ठरवावे. या पट्ट्यांसाठी स्लॅगमिश्रित (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) सिमेंट मागावे. भारतीय मानकानुसार त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग असू शकते, त्यामुळे त्याचा कार्बनचा बोजा कमी असतो आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईपर्यंत पोचायला वेळ लागतो. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ ने सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. प्रत्यक्षात ते सर्रास कमी ठेवले जाते, सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि वीस-पंचवीस वर्षांत नवे बांधकाम करण्याची वेळ येते. लवकर मोडणारी वस्तू कितीही कमी कार्बनची असली तरी ती दोनदा बनवावी लागते.

याच्याच पुढचे पाऊल म्हणजे जुने चिरे परत विकत घेणे. तुमच्याकडे ट्रक आहेत, रचायला जागा आहे, माणसे आहेत आणि कोणाचे घर कधी उतरणार हे पंचक्रोशीत आधी तुमच्याच कानावर येते, कारण नवे चिरे मागायला तो माणूस तुमच्याकडेच येणार असतो. अशा वेळी नव्याचा भाव सांगताना जुन्याचाही भाव सांगा. पाडकाम घणाने न करता थराथराने उतरवले तर अमुक दर, असे ठरवून द्या. निवडलेले जुने चिरे कुंपण, अंतर्गत भिंती, पायवाट, विहिरीचा कठडा यांना उत्तम चालतात, आणि पर्यटक निवासाच्या मालकांना तर जुन्या दगडाचे मोल अधिक वाटते. पाडकामात छपरावर ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नयेत, पाणी मारून अख्खे उतरवावेत आणि भरावात टाकू नयेत, एवढे तुमच्या माणसांना अवश्य शिकवा. लाल धूळही छातीला चांगली नव्हे. खाणीवर कापणी करणाऱ्या कामगारांना चांगले मास्क आणि रस्त्यावर पाणी मारण्याची सोय हा खर्च मालाच्या किमतीतच धरायला हवा.

आता सड्याकडे वळू. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेली जमीन महसुलाच्या दृष्टीने पिकाची नसते, एवढाच त्या नोंदीचा अर्थ आहे. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून खाली उतरते, शेडूच्या थरावर अडते आणि उताराला झरा म्हणून बाहेर येते. वाडीच्या विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी राहते त्यात या कातळाचा वाटा असतो. खाण शेडूत उतरली की तोच चिकट गाळ पावसात खालच्या भातखाचरांत जातो. शिवाय तुमच्याच तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे अशाच सड्यांवर कोरलेली आहेत, आणि कोकणातील कातळशिल्पांचा समूह २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे. नव्या जागेत माती आणि गवत बाजूला करून, जाणकाराला दाखवून, मगच निर्णय घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार खटल्यातील आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक झाली आहे, त्यामुळे ‘जागा घरचीच आहे’ एवढ्यावर भागत नाही.

सध्याच्या खाणीत अजून बरेच काही शिल्लक असावे, असा माझा अंदाज आहे. बाद चिरे आणि भुकटी यांचे ढीग तुम्ही कचरा समजून कडेला लोटले असतील. तुम्हाला ब्लॉक बनवायचेच असतील तर या ढिगापासून बनवा. जांभ्याची माती आणि भुकटी चाळून, त्यात थोडे सिमेंट मिसळून, यंत्राने दाबून केलेले ब्लॉक भट्टीविना पक्के होतात. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने सुमारे ५ टक्के सिमेंटवर असे ब्लॉक करून त्यांच्या कित्येक इमारती उभ्या केल्या आहेत, आणि त्यासाठी भारतीय मानक १७२५ उपलब्ध आहे. मोठ्या कर्जाआधी एक हातयंत्र भाड्याने किंवा जुने मिळवा, तुमच्या भुकटीचे नमुने तपासा आणि पावसाळाभर एक भिंत उघडी ठेवून पाहा. रिकाम्या खड्ड्याचे काय करायचे हेही याच वेळी ठरवा. वरची माती सुरुवातीला वेगळी राखली असेल तर ती परत पसरून काजू-आंब्याची लागवड होऊ शकते. पाणी साठवायचे असेल तर एका बाजूला उतार द्या आणि कुंपण घाला, कारण उभ्या कडांच्या पाण्याने भरलेल्या खाणी गुरांच्या आणि मुलांच्या जिवावर उठतात.

बाबांना समजवायचे कसे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. त्यांना समजवण्याआधी त्यांच्याकडून समजून घ्यायला सांगेन. कोणत्या थरातला चिरा टिकतो, कोणता सुटतो, तीस वर्षांपूर्वी त्यांनी दिलेले चिरे आज कोणाच्या घरात कसे आहेत, हे ज्ञान कोणत्याही घोषणापत्रात नाही आणि तुमच्या पदविकेतही नव्हते. त्यांना घेऊन त्या घरांवर जा, भिंती पाहा आणि वहीत नोंदवा. ग्राहकाला दाखवण्याजोगा याहून चांगला पुरावा नाही. ‘तुमचा धंदा निसर्गाचे नुकसान करतो’ असे म्हटले तर कोणताही बाप पाठ फिरवील. ‘तुमचा चिरा दोन घरे पुरवू शकतो, तो तसा विकू या’ असे म्हटले तर ते ऐकतील, असा मला विश्वास वाटतो.

वास्तुविशारदांना या आठवड्यातच उत्तर पाठवा. घोषणापत्र आज नाही हे सरळ लिहा, सोबत डिझेलचा आणि अंतराचा हिशेब द्या, चाचणीचा अहवाल कधी मिळेल ते सांगा, मिश्र मालाची आणि वळचणीची सूचना जोडा, आणि पुढे निवास उतरवले गेले तर शाबूत चिरे ठरलेल्या दराने परत घेऊ, हे लेखी द्या. नव्या खाणीचा अर्ज मात्र ऑक्टोबर ते मे असा एक पूर्ण हंगाम वहीत उतरेपर्यंत करू नका. तेवढ्या काळात जुन्या चिऱ्यांची आणि भुकटीच्या ब्लॉकची मागणी किती आहे ते कळेल, आणि सड्यावर जायचेच असले तर किती गुंठ्यांपुरते, हे तुम्ही दोघे एकत्र बसून ठरवू शकाल.